मथळा खरा, समज खोटा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने देशभरातील डॉक्टर आणि औषधविक्रेत्यांना तातडीचे पत्र धाडले. गर्भनिरोधक गोळ्यांच्या ‘तिसऱ्या पिढीतील’ काही प्रकारांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट आहे, असे त्यात म्हटले होते. बातमी माध्यमांत आली आणि ‘धोका दुप्पट’, ‘धोक्यात शंभर टक्के वाढ’ एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या बंद केल्या.

दुप्पट म्हणजे नेमके किती? आधीच्या पिढीतील गोळ्या घेणाऱ्या सात हजार स्त्रियांमध्ये साधारण एकीला गुठळीचा त्रास होत असे. नव्या गोळ्यांमुळे हे प्रमाण सात हजारांत दोन झाले. एकाचे दोन झाले, म्हणजे वाढ शंभर टक्के. हा हिशेब बिनचूक आहे. पण सात हजारांमागे एक स्त्री जास्त, हाही तितकाच बिनचूक हिशेब आहे. लोकांपर्यंत पहिला हिशेब पोहोचला, दुसरा पोहोचला नाही.

त्याची किंमत पुढच्या वर्षभरात मोजावी लागली. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याआधीची काही वर्षे गर्भपातांचे प्रमाण सातत्याने घटत होते. ते एकदम वाढले आणि सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाले, असा अंदाज आहे. सोळा वर्षांखालील मुलींमध्येच सुमारे ८०० जादा गर्भधारणा झाल्या. सरकारी आरोग्य सेवेवर ४० ते ६० लाख पौंडांचा जादा भार पडला. यात आणखी एक दुर्दैव होते. गर्भारपणात आणि गर्भपातानंतर गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांमुळे होणाऱ्या धोक्यापेक्षा जास्त असतो. गुठळीच्या भीतीने गोळी सोडलेल्या अनेक स्त्रिया गुठळीच्याच मोठ्या धोक्यात ढकलल्या गेल्या.

जोखीम आणि आकडे लोकांना कसे समजतात, याचा अनेक वर्षे अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर हे उदाहरण वारंवार देतात. त्यात कोणीही खोटे बोललेले नव्हते. समितीचा आकडा बरोबर होता आणि मथळेही त्या आकड्याला धरूनच होते. फक्त ‘किती जणींमध्ये किती’ एवढी माहिती गळाली होती. आरोग्याच्या बातम्यांचे मथळे बहुतेकदा असेच फसवतात. ते असत्य सांगत नाहीत, पण सत्यातला नेमका तो शब्द गाळतात ज्याच्यावर वाचकाचा निर्णय अवलंबून असतो.

पुण्याची लस आणि लंडनचे न्यायालय

असाच प्रसंग महाराष्ट्राने अगदी अलीकडे अनुभवला. विषयही तोच होता, रक्ताची गुठळी. एप्रिल २०२४ च्या अखेरीस बातमी आली की, अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात सादर केलेल्या कागदपत्रांत आपल्या कोविड लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी ‘टीटीएस’ होऊ शकतो, असे मान्य केले आहे. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, कमी होणे. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोविशिल्ड’ या नावाने तयार केली होती आणि भारतात तिचे १७० कोटींहून अधिक डोस दिले गेले होते. त्यामुळे बातमी घराघरांत पोहोचली. ‘कंपनीची कबुली’ या शब्दांभोवती मथळे फिरू लागले. काही दिवसांतच कंपनीने युरोपातून लस मागे घेतल्याची बातमी आली आणि भीतीत भर पडली. नव्या प्रकारच्या विषाणूंसाठी सुधारित लशी मुबलक उपलब्ध असल्याने मागणी उरली नाही, असे कंपनीने दिलेले कारण मथळ्यांत क्वचितच दिसले.

या मथळ्यांमधून तीन गोष्टी गळाल्या होत्या. पहिली, ‘कबुली’ हा शब्द काहीतरी दडवलेले उघड झाल्याचा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात युरोपच्या औषध नियामक संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच हा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला होता. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही मे २०२१ मध्ये त्याबाबत निवेदन काढले होते. लस घेतल्यानंतरच्या वीस दिवसांत श्वास लागणे, छातीत दुखणे, पाय सुजणे, तीव्र डोकेदुखी अशी लक्षणे दिसल्यास लगेच दाखवा, अशी सूचना त्या वेळीच दिली गेली होती. तीन वर्षांपूर्वीची माहिती न्यायालयाच्या निमित्ताने नवी होऊन आली होती.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. मे २०२१ मधील त्या निवेदनानुसार भारतात गुठळीशी संबंधित असू शकतील अशी २६ प्रकरणे आढळली होती. हे प्रमाण दर दहा लाख डोसमागे ०.६१ होते. ब्रिटनमध्ये दहा लाखांमागे चार, तर जर्मनीत दहा प्रकरणांची नोंद असल्याचेही त्यात म्हटले होते. आपल्याकडे अशा घटनांची नोंद कमी होते, हे गृहीत धरून भारताचा आकडा बराच वाढवला, तरीही तो लाखांमागे मोजावा लागतो. खुद्द कोविडच्या संसर्गात गुठळ्या होण्याचा धोका याहून कितीतरी अधिक होता.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट काळाची. हा दुष्परिणाम लस घेतल्यानंतर काही आठवड्यांत दिसतो. २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाने २०२४ मध्ये त्याची धास्ती घेण्याचे कारण नव्हते. पण ‘आपण तर दोन्ही डोस घेतले आहेत, आता काय होणार?’ हाच प्रश्न त्या आठवड्यांत लोक डॉक्टरांना विचारत होते. त्याचे उत्तर बातमीच्या आठव्या-दहाव्या ओळीत दडलेले होते.

याचा अर्थ बातमी द्यायलाच नको होती, असा मुळीच नाही. दुर्मीळ म्हणजे शून्य नव्हे. ब्रिटनमध्ये ज्यांनी आपली माणसे गमावली, त्यांनीच न्यायालयात दावे लावले होते. भारतातही काही पालकांनी आपल्या मुलींच्या मृत्यूबद्दल न्यायालयात दाद मागितली. त्यांना उत्तर आणि भरपाई मिळायला हवी, ही बातमी फार मोठी होती. मथळ्यांच्या गदारोळात नेमकी तीच मागे पडली.

टक्के कशाचे?

गोळी असो वा लस, वाचकाला चकवणारी पहिली जागा टक्केवारीची असते. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, हॅम, बेकन यांसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे संस्थेने सांगितले. तंबाखूही त्याच गटात आहे. तेव्हा ‘सॉसेज सिगारेटइतकेच घातक’ अशा अर्थाचे मथळे जगभर छापले गेले.

आधी १८ टक्क्यांचे पाहू. ब्रिटनसारख्या देशात शंभरांतील साधारण पाच जणांना आयुष्यात कधी तरी हा कर्करोग होतो. पाचाचे १८ टक्के म्हणजे जवळपास एक. म्हणजे शंभर जणांनी आयुष्यभर रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ले, तर पाचाऐवजी सुमारे सहा जणांना हा आजार होईल. ‘१८ टक्के वाढ’ वाचून अनेकांना वाटते की, शंभरांतील १८ जणांना कर्करोग होणार. भारतात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे मूळ प्रमाणच पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. त्यामुळे तीच टक्केवारी इथे लावली, तरी प्रत्यक्ष वाढ आणखी लहान होते. दहा रुपयांची वस्तू १८ टक्क्यांनी महागली आणि दहा हजारांची वस्तू तितकीच महागली, तर खिशाला बसणारा फटका सारखा नसतो. मूळ किंमत न सांगता नुसते टक्के सांगणाऱ्या दुकानदाराशी आपण व्यवहार करत नाही. आरोग्याच्या बाबतीत मात्र तोच व्यवहार रोज होतो.

आता सिगारेटशी केलेली तुलना. या संस्थेचे गट धोका किती मोठा आहे हे सांगत नाहीत. एखाद्या गोष्टीने कर्करोग होतो, याचा पुरावा किती पक्का आहे, एवढेच ते सांगतात. सूर्यप्रकाश, दारू आणि अ‍ॅस्बेस्टॉस हेही पहिल्याच गटात आहेत. संस्थेने त्या वेळी स्वतःच दिलेल्या अंदाजांनुसार, प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अतिसेवनाशी जगात वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोग मृत्यूंचा संबंध जोडता येतो, तर तंबाखूमुळे होणारे कर्करोग मृत्यू सुमारे दहा लाख आहेत. गट एकच असला, तरी घातकपणात तीसपटींचा फरक आहे. अशा मथळ्याचा खरा तोटा सॉसेज खाणाऱ्याला होत नाही. ‘सगळ्यानेच कॅन्सर होतो, मग सिगारेट काय वाईट?’ असे म्हणणाऱ्या धूम्रपान करणाऱ्याला त्यातून सबब मिळते, हा त्याचा खरा तोटा आहे.

उंदीर कुठे गेला?

मथळ्यातून हमखास गायब होणारा आणखी एक शब्द आहे, ‘उंदरांमध्ये’. ‘स्मृतिभ्रंशावर औषध सापडले’, ‘मधुमेह मुळापासून बरा होणार’ अशा बातम्यांचा पुढचा भाग वाचला, तर प्रयोग उंदरांवर झाल्याचे कळते. अल्झायमर या आजाराच्या उंदरांवरील ६०० हून अधिक शोधनिबंधांची आणि त्यांच्यावरून झालेल्या बातम्यांची तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या निबंधांच्या शीर्षकातच उंदरांचा उल्लेख नव्हता, त्यांच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही बहुधा तो गळाला होता. म्हणजे गळतीची सुरुवात शास्त्रज्ञांच्याच शीर्षकापासून झाली होती. असे मथळे पाहून वैतागलेले वैज्ञानिक जेम्स हेदर्स यांनी २०१९ मध्ये ट्विटरवर एक खाते सुरू केले. त्यावर ते आरोग्याच्या बातम्या पुन्हा टाकत आणि वर एवढेच लिहीत, ‘उंदरांमध्ये’. पाहता पाहता हजारो लोक ते वाचू लागले.

उंदराच्याही आधीची पायरी म्हणजे काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशी. आपल्या ओळखीचे उदाहरण हळदीचे. हळदीतील करक्युमिन प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे आहे. त्यावरून ‘हळद करते कॅन्सरचा नायनाट’ असा मथळा तयार होतो आणि तो कौटुंबिक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरत राहतो. पण काचेच्या बशीत पेशी मारणे फारसे अवघड नसते. भरपूर मीठ टाकले, तरी त्या मरतात. पोटात गेलेले करक्युमिन रक्तात फारच थोडे उतरते, ही खरी अडचण आहे. औषधनिर्मितीच्या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा घेतला. तोवर माणसांवर १२० हून अधिक चाचण्या झाल्या होत्या. कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला नकली, हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही माहीत नसते, अशा कडक चाचणीत करक्युमिन यशस्वी ठरल्याचे एकही उदाहरण त्यांना आढळले नाही. भाजी-आमटीतल्या हळदीला यामुळे काहीही बाधा येत नाही. मात्र मथळ्यावर विश्वास ठेवून कोणी उपचार लांबवले किंवा हळदीच्या अर्काच्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूल सुरू केल्या, तर तो धोका खराखुरा असतो. अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

‘सोबत’ आणि ‘मुळे’

कॉफी चांगली की वाईट, हे वर्तमानपत्र वाचून ठरवणे अशक्य झाले आहे. त्याचे कारण ‘सोबत’ आणि ‘मुळे’ या दोन शब्दांच्या गल्लतीत आहे. १९८१ मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेले रुग्ण इतर रुग्णांपेक्षा जास्त कॉफी पितात, असे त्यात दिसले होते. कॉफीमुळे कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ लावला गेला आणि मोठी खळबळ उडाली. नंतर त्रुटी लक्षात आली. तुलनेसाठी घेतलेल्या ‘इतर’ रुग्णांपैकी बरेच जण पोटाच्या आजारांचे होते आणि त्रास होतो म्हणून त्यांनी कॉफी आधीच कमी केली होती. कर्करोगाचे रुग्ण जास्त कॉफी पीत होते, असे म्हणण्यापेक्षा तुलनेतले लोकच कमी पीत होते, असे म्हणणे योग्य ठरले असते. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. कर्करोग संशोधन संस्थेनेही १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी संशयितांच्या यादीत टाकलेली कॉफी २०१६ मध्ये त्या यादीतून काढली.

आहाराच्या बहुतेक अभ्यासांत हीच अडचण असते. कॉफी पिणारे सिगारेटही जास्त ओढत असतील, रोज फळे खाणारे व्यायामही जास्त करत असतील, तर फरक नेमका कशाने पडला, हे सांगणे कठीण असते. २०१३ मध्ये दोन संशोधकांनी एका पाककृतींच्या पुस्तकातून ५० जिन्नस चिठ्ठ्या काढाव्यात तसे निवडले आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध तपासणारे अभ्यास शोधले. ५० पैकी ४० जिन्नसांवर असे अभ्यास सापडले. मीठ, अंडी, कांदा, टोमॅटो, दूध, चहा यांपैकी काहीच सुटले नव्हते. एकाच जिन्नसाने धोका वाढतो आणि कमी होतो, असे दोन्ही निष्कर्षही सापडत होते. प्रत्येक अभ्यासाची एक बातमी आणि प्रत्येक बातमीचा एक मथळा धरला, तर वाचकाच्या डोक्यात गोंधळ होणारच.

‘मुळे’ म्हणण्याआधी ‘कशाच्या तुलनेत?’ हे विचारावे लागते. मे २०२४ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील एका गटाचा कोव्हॅक्सिनवरील अभ्यास असाच गाजला. लस घेतलेल्या ९२६ जणांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी वर्षभरात काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले होते. मथळ्यांत ‘दुष्परिणाम’ हा शब्द आला आणि एक तृतीयांश हा आकडा चिकटला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यावर आक्षेप घेतला. लस न घेतलेल्यांचा गट अभ्यासात नव्हताच, मग त्रास लशीचा कशावरून? माहितीही वर्षभरानंतर फोनवर विचारून घेतलेली होती. त्या वर्षभरात लस न घेताही कोणाला सर्दी-खोकला झाला नसता का?

हाच हिशेब मृत्यूंबाबतही करावा लागतो. भारतात वर्षाला दर हजारी साधारण सहा मृत्यू होतात. म्हणजे कोणत्याही एक कोटी लोकांत, काहीही न करता, आठवड्याभरात हजाराहून अधिक मृत्यू होणारच. त्या एक कोटी लोकांना लस दिली, तर त्यातील प्रत्येक मृत्यू ‘लस घेतल्यानंतर’ झालेला असेल. तो ‘लशीमुळे’ झाला का, हे वेगळे तपासावे लागते. मथळ्यात मात्र ‘नंतर’ लिहिले, तरी वाचले जाते ‘मुळे’.

मथळा देतो कोण?

या सगळ्याला बातमीदार जबाबदार, असे वाचक गृहीत धरतात. बहुतेक वृत्तपत्रांत बातमी लिहितो एक आणि मथळा देतो दुसरा. बातमीदाराची बातमी डेस्कवर येते आणि उपसंपादक पानावरची जागा पाहून मथळा ठरवतो. दोन कॉलमांच्या मथळ्यात सहा-सात शब्द बसतात. ‘शक्यता’, ‘काही प्रमाणात’, ‘प्राथमिक अभ्यासानुसार’ हे शब्द कात्रीत सापडणारे पहिले असतात. संकेतस्थळांवर जागेची अडचण नाही, पण तिथे क्लिक मोजले जातात आणि भीती किंवा चमत्कार यांना क्लिक जास्त मिळतात.

पण अतिशयोक्तीचा उगम नेहमी वृत्तपत्राच्या कचेरीतच नसतो. कार्डिफ विद्यापीठातील पेट्रोक समनर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील २० आघाडीच्या विद्यापीठांची आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रके तपासली. त्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ४० टक्के पत्रकांत मूळ शोधनिबंधात नसलेला वाढीव सल्ला होता. ३३ टक्के पत्रकांत ‘सोबत’चे ‘मुळे’ केलेले होते. ३६ टक्के पत्रकांत प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना वाजवीपेक्षा जास्त लागू केला होता. पत्रकात प्राण्यांवरून माणसांवर अशी उडी मारलेली असेल, तर ८६ टक्के बातम्यांतही ती आढळली. पत्रक संयत असेल, तर अशा बातम्यांचे प्रमाण अवघे दहा टक्के होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. पत्रकात अतिशयोक्ती केल्याने बातमी जास्त छापून येते, याचा पुरावा मिळाला नाही. संयमाने लिहून विद्यापीठांचे काही नुकसान झाले नसते.

मथळ्याची पकड

मथळा चुकला तर काय बिघडले, पूर्ण बातमी वाचली की गैरसमज दूर होतो, असा युक्तिवाद केला जातो. पण पूर्ण बातमी वाचतो कोण? कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्समधील एका संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ट्विटरवरील बातम्यांचा अभ्यास केला. लोकांनी पुढे पाठवलेल्या दुव्यांपैकी ५९ टक्के दुवे कोणी उघडलेच नव्हते. मथळा वाचून बातमी पुढे ढकलली गेली होती.

पूर्ण बातमी वाचली, तरी मथळा सहज पिच्छा सोडत नाही. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ उलरिख एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अचूक बातम्या वाचायला दिल्या आणि फक्त मथळे बदलले. एका बातमीत घरफोड्या गेल्या वर्षी ०.२ टक्क्यांनी वाढल्या, पण दहा वर्षांत दहा टक्क्यांनी कमी झाल्या, असे होते. काहींना वाढीचा मथळा दिला, काहींना घटीचा. बातमी तीच असूनही मथळ्याशी जुळणारा भाग वाचकांना जास्त नीट आठवला. मथळा म्हणजे वाचनाची दिशा ठरवणारी पाटी असते. पाटी चुकीची असेल, तर रस्ता बरोबर असूनही माणूस भलतीकडे पोहोचतो.

अशी दिशाभूल थेट औषधाच्या डबीपर्यंत जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांचे दुष्परिणाम वाढवून सांगणारे लेख ब्रिटनमधील एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात आले. १८ ते २० टक्के रुग्णांना त्रास होतो, हे त्यातील विधान नंतर मागे घ्यावे लागले. पण तोवर अनेक महिने वृत्तपत्रांत वाद गाजला होता. त्यानंतरच्या सहा महिन्यांत ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक रुग्णांनी स्टॅटिन बंद केल्या असाव्यात, असा अंदाज लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडला. त्यातून दहा वर्षांत हृदयविकार आणि पक्षाघाताचे दोन हजारांहून अधिक जादा प्रसंग उद्भवू शकतात, असेही त्यांचे गणित होते. चुकीची दुरुस्ती छापून आली, पण बंद झालेली गोळी प्रत्येक घरात पुन्हा सुरू झाली नाही.

मथळा वाचल्यावर विचारायचे पाच प्रश्न

किती पैकी किती? ‘दुप्पट’, ‘५० टक्क्यांनी’ असे शब्द दिसले की आधी किती होते आणि आता किती झाले, हे बातमीत शोधावे. आकडा नसेल, तर घाबरण्याइतकी किंवा हुरळून जाण्याइतकी माहिती अजून मिळालेली नाही, असे समजावे.

कोणावर प्रयोग झाला? पेशी, उंदीर, पंधरा माणसे की पंधरा हजार? प्रयोगशाळेत चमकलेल्या औषधांपैकी फार थोडी रुग्णापर्यंत पोहोचतात. ‘औषध सापडले’ याचा अर्थ बहुतेकदा ‘शोध सुरू झाला’ एवढाच असतो.

कशाच्या तुलनेत? औषध, लस किंवा पदार्थ न घेतलेल्यांचे काय झाले, हे सांगितले नसेल, तर निष्कर्ष लंगडा आहे.

‘सोबत’ की ‘मुळे’? ‘संबंध आढळला’ असे बातमीत आणि ‘मुळे होतो’ असे मथळ्यात असेल, तर बातमीवर विश्वास ठेवावा, मथळ्यावर नव्हे.

यात नवे काय? न्यायालयातील सुनावणी, जुना अहवाल, फेरवर्गीकरण अशा निमित्ताने जुनी माहिती पुन्हा येते. तारीख पाहिली, तर निम्मी धास्ती ओसरते.

या पाचांची उत्तरे बातमीत मिळाली नाहीत, तर तो मथळा ग्रुपवर पुढे पाठवू नये. आपण पाठवलेला मथळा वाचून मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी बंद करणारा माणूस आपल्याच घरातला असू शकतो. चालू असलेले औषध मथळा वाचून थांबवू नये. कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ‘हे मला लागू आहे का?’ असे विचारावे. ब्रिटनमधील त्या स्त्रियांना १९९५ मध्ये हा प्रश्न विचारायला वेळ मिळाला असता, तर ‘सात हजारांत एक’ हे उत्तर त्यांना तेव्हाच मिळाले असते.